घटस्फोटासाठी वकिलांची मदत घेताना: कागदांपासून हुकूमनाम्यापर्यंत, क्रमाने

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तारखेला आलेल्या कुणालाही विचारा, "तुमच्या अर्जात नेमकं काय मागितलंय?" उत्तर बरेचदा एकच येतं, "ते वकीलसाहेबांना माहीत." गडबड इथेच असते. नात्यातल्या कुणीतरी नंबर दिलेला असतो, पहिल्याच भेटीत वकीलपत्रावर सही झालेली असते, ॲडव्हान्स गेलेला असतो, कागद "नंतर आणून देतो" म्हणून राहिलेले असतात आणि आपल्याला काय हवंय याचा विचार पहिली तारीख पडल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. खाली तो सुलटा करून मांडलाय. वकील कायदा सांगतील, बाजू मांडतील. मूल कुणाकडे राहावं, फ्लॅट विकायचा की ठेवायचा, किती रकमेवर तडजोड करायची, हे निर्णय मात्र तुमचेच आहेत.

घरात मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. आधी सुरक्षित ठिकाणी जा. पोलिसांसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइनसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पुणे पोलिसांचा, महिलांना मदत करणारा भरोसा सेलही आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा आदेश आणि खर्चाची रक्कम मागता येते. त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज आधी केलेला असण्याची गरज नाही.

१. आधी ठरवा: नेमकं काय हवं आहे

एक कोरा कागद घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. घटस्फोटच हवा आहे, की सध्या फक्त वेगळं राहून खर्च हवा आहे? दोघंही तयार आहेत का? मुलं कुणाकडे राहणार आणि दुसऱ्याला कधी भेटणार? महिन्याला घर चालवायला किती लागतं? घर, कर्ज, दागिने आणि ठेवी यांतलं काय कुणाच्या नावावर आहे?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. दोघं तयार असतील तर परस्पर संमतीचा अर्ज. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३-ब खाली त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, त्यामुळे एकाच छताखाली राहूनही ते होऊ शकतं. एक जण तयार नसेल तर कलम १३ खाली कारणं सिद्ध करावी लागतात: क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षं सोडून जाणं वगैरे. "आमचं पटत नाही" हे कायद्यातलं कारण नाही. "संसार पूर्ण मोडलाय" एवढ्याच आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालय घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरतं, कौटुंबिक न्यायालयाला तो नाही. एखादे वकील पहिल्याच भेटीत असं आश्वासन देत असतील तर हे लक्षात ठेवा.

लग्नाला एक वर्ष झालं नसेल तर असाधारण हालअपेष्टांची परिस्थिती दाखवून परवानगी मिळवल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही.

लग्न कोणत्या कायद्याखाली झालं तेही पाहा. नोंदणी पद्धतीने झालं असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ लागू होतो. ख्रिस्ती विवाहाला १८६९ चा, पारशी विवाहाला १९३६ चा कायदा लागतो, आणि मुस्लिम पत्नीने न्यायालयात मागितलेल्या घटस्फोटाला १९३९ चा. वैदिक पद्धतीने लग्न लागलं आणि नंतर महापालिकेत फक्त नोंद केली, तर ते विशेष विवाह कायद्याखालचं लग्न होत नाही. हा गोंधळ फार जण करतात आणि चुकीच्या कायद्याखाली अर्ज तयार होतो.

सावधान: "बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा मिळतो" असं ऐकून रस्ता ठरवू नका. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. पोटगी, राहण्याचा हक्क, स्त्रीधन (पत्नीला मिळालेले दागिने, भेटी) आणि संयुक्त नावावरची मालमत्ता हे वेगवेगळे विषय आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी करावी लागते.

२. कागद गोळा करा, वकिलांना भेटण्याच्या आधी

पुढचे महिने सोपे जाणार की अवघड, हे या टप्प्यावर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. जोडीदाराशी बोलणं पूर्ण बंद होण्याआधी, घरातलं कपाट तुमच्या हाताशी असतानाच हे करून घ्या. घर सोडून माहेरी किंवा मित्राकडे गेल्यावर एक साधा कागद मिळवायलाही अर्ज करावे लागतात.

लग्नाचे कागद: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, लग्नाचे चारसहा फोटो. नोंदणी महापालिकेत झाली असेल आणि प्रमाणपत्र सापडत नसेल तर जिथे नोंद केली त्या क्षेत्रीय कार्यालयात प्रत मागा.

ओळख आणि पत्ता: दोघांचं आधार, पॅन, पासपोर्टच्या प्रती, मुलांचे जन्मदाखले, भाडेकरार किंवा वीजबिल. पत्त्याचा पुरावा महत्त्वाचा, कारण अर्ज कुठे करायचा ते त्यावर ठरतं. लग्न जिथे झालं, शेवटचे दोघं एकत्र जिथे राहिले, समोरचा जिथे राहतो, किंवा पत्नी अर्ज करत असेल तर ती सध्या जिथे राहते, यांपैकी कुठेही हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज चालतो. लग्न साताऱ्यात झालं, संसार खराडीत आणि आता माहेरी सोलापूरला, अशा बाईसमोर तीन पर्याय असतात. कोणता सोयीचा, हे वकिलांशी बोलून ठरवा. ग्रामीण तालुक्यातले असाल तर तुमचा पत्ता कौटुंबिक न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात येतो की तालुक्याच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या, तेही आधीच विचारा.

पैशाचे कागद: तीन वर्षांचे बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, पीएफ, म्युच्युअल फंड, विमा, गृहकर्जाचा तपशील, फ्लॅटची इंडेक्स टू (खरेदीदस्ताच्या नोंदणीचा उतारा), गावाकडची जमीन असेल तर सातबारा. समोरच्याचे आकडे पूर्ण माहीत नसतील तर माहीत आहे तेवढं लिहा: कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, कुठल्या बँकेत खातं, कोणती गाडी.

स्त्रीधनाची यादी: कोणता दागिना, अंदाजे किती तोळे, कुणी घातला, आत्ता कुठे आहे. सोनाराच्या पावत्या नसतील तर लग्नातले फोटो पाहून प्रत्येक दागिन्यापुढे फोटोचा क्रमांक टाका. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता असते. पण "सगळं सोनं सासरी आहे" एवढ्या एका ओळीवर काही परत मिळत नाही.

मोबाइलमधला पुरावा: व्हॉट्सॲपचे निवडक स्क्रीनशॉट काढून ठेवले की काम झालं, असा समज आहे. मूळ चॅट मूळ फोनमध्ये राहू द्या. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मधलेच चार मेसेज देऊन मागचेपुढचे पुसून टाकले तर उलटतपासात तेच अंगाशी येतं.

जोडीदाराशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. याचा अर्थ समोरच्याचा ईमेल फोडायला किंवा फोनमध्ये लपून ॲप टाकायला मोकळीक मिळाली, असा नाही. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

आणि शेवटी घटनाक्रम. दोन-तीन पानं, तारखांसह: लग्न कधी झालं, पुण्यात कधी आलात, मूल कधी झालं, पहिला मोठा वाद कशावरून, पोलिसांत कधी गेलात, वेगळे कधी झालात. तारीख आठवत नसेल तर "२०२२ च्या गणपतीत" असं लिहा, अंदाजाने नेमकी तारीख टाकू नका. तुमच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही यात लिहा. रागात पाठवलेला मेसेज, घेतलेलं कर्ज, दुसऱ्या कुणाशी असलेली जवळीक, जे असेल ते. वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते, कायद्याने तिला संरक्षण आहे. तीच गोष्ट वकिलाला पहिल्यांदा समोरच्याच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) वाचायला मिळाली, तर तुमची बाजू सावरणं त्यांनाही कठीण होतं.

पुढे जाण्याआधी तपासा: मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, स्कॅन फक्त तुमच्याच पासवर्डच्या खात्यात. एक संच घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. ईमेल, बँक आणि क्लाउडचे पासवर्ड बदला. संयुक्त खात्यातले सगळे पैसे एका रात्रीत काढून घेऊ नका. न्यायालयात त्याचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागतं.

३. वकील शोधा, पण आधी पाहून घ्या

कौटुंबिक न्यायालयात नेहमी काम करणारा वकील हवा. फौजदारीत किंवा जमिनीच्या दाव्यांत गाजलेलं नाव इथे उपयोगी पडेलच असं नाही. ओळखीतल्या ज्यांचा घटस्फोट पूर्ण झाला आहे त्यांना विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा: फोन उचलायचे का, तारखेला स्वतः यायचे की दरवेळी नवा ज्युनियर, अर्ज वाचायला दिला होता का.

किमान दोघांना भेटा. सल्ल्याची फी दोनदा जाईल, जाऊ द्या.

प्रत्येक वकिलाकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असते आणि सनद क्रमांकात नोंदणीचं वर्षही असतं. तो क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. वकिलांना जाहिरात करायला किंवा पक्षकार गोळा करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. त्यामुळे कोर्टाच्या आवारात "घटस्फोट का? चला, सहीचं काम करून देतो" म्हणत कुणी मागे लागलं तर सरळ पुढे चालू लागा.

पैसे नसतील तर थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले पुरुषही पात्र आहेत. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. घटस्फोट, पोटगी अशा दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायशुल्कही माफ आहे. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी यांचा खर्च मात्र धरून ठेवा.

४. पहिली भेट

एकटे जा, किंवा शांत राहू शकेल असं एकच माणूस सोबत न्या. आई, मामा आणि मेव्हणा असे तिघं गेले की बोलतात तेच, आणि वकिलांच्या वहीत त्यांचीच कहाणी उतरते. घटनाक्रमाची प्रत आधी हातात द्या, मग बोला. अर्ध्या तासाची भेट असेल तर त्यातली वीस मिनिटं लग्नातल्या मानापानावर घालवू नका.

विचारायचं ते असं:

माझ्या परिस्थितीत कोणते अर्ज होऊ शकतात आणि त्यांतला आधी कोणता? माझी बाजू कुठे कच्ची आहे? अंतरिम (दावा चालू असतानाची) पोटगी आणि मुलांची भेट यासाठी अर्ज कधी करणार? तारखेला तुम्ही याल की सहकारी? अर्ज दाखल होण्याआधी मला वाचायला किती दिवस मिळतील? पोटगी कौटुंबिक न्यायालयात मागायची की हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे? दोन्हीकडे मागता येते, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती धरून हिशेब होतो.

कच्च्या बाजूच्या प्रश्नावर वकील काय म्हणतात ते नीट ऐका. ज्यांना तुमच्या केसमध्ये काहीच कच्चं दिसत नाही त्यांनी केस नीट ऐकलेली नाही.

सावधान: "सहा महिन्यांत मोकळं करतो, लिहून देतो", "साहेब आपल्या ओळखीचे आहेत", "मिळणाऱ्या पोटगीतले इतके टक्के माझे" यांपैकी एकही वाक्य आलं तर सही न करता उठा. निकालातल्या रकमेत वाटा ठेवणं वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. "आधी पोलिसांत तक्रार टाकू, मग ते खाली येतील" असा सल्ला मिळाला तर स्वतःला विचारा, तक्रारीत लिहिणार ते घडलं आहे का. घडलं असेल तर तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. घडलं नसेल तर दबावासाठी लिहू नका. पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हालाच उभं राहायचं आहे.

५. फी आणि वकीलपत्र

फी तीन प्रकारे ठरते: पूर्ण कामाची एकरकमी, टप्प्याटप्प्याने किंवा प्रत्येक तारखेची. तारखेवारी फी लढतीच्या दाव्यात फुगत जाते, तेव्हा टप्प्यांची बरी. काहीही ठरलं तरी लिहून घ्या. फीमध्ये काय येतं, अंतरिम अर्ज धरलेत का, हायकोर्टात जावं लागलं तर वेगळी का, केस मध्येच मिटली तर काय. मोठा कागद नको, व्हॉट्सॲपवर "आपलं असं ठरलं" एवढा मेसेज आणि त्याला आलेलं "हो" पुरतं. पैसे ऑनलाइन द्या किंवा पावती घ्या.

वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने काम करण्याचा अधिकार. त्यात तडजोड करणं, दावा काढून घेणं, पैसे स्वीकारणं हे अधिकारही छापलेले असू शकतात. ते वाचा. "माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नये" असं हवं असेल तर सहीच्या आधी सांगा. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा "नंतर भरून घेऊ" म्हणून दिलेल्या कोणत्याही पानावर सही नको.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ नुसार पक्षकाराला वकील लावण्याचा आपोआप हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. वकीलपत्रासोबत तसा अर्ज दिला जातो. म्हणून न्यायाधीशांनी वकिलांना थांबवून थेट तुम्हालाच प्रश्न विचारला तर गडबडू नका. या न्यायालयात ते नेहमीचं आहे, आणि त्यासाठीच आपला अर्ज आपल्याला माहीत असावा लागतो.

तपासा: मूळ कागद वकिलांकडे ठेवायचे नाहीत. झेरॉक्स द्या. मूळ कागद दाखल करावेच लागले तर आधी यादीवर पोच घ्या.

६. अर्जाचा मसुदा: सहीआधी दोनदा वाचा

मसुदा घरी न्या, रात्रभर ठेवा, सकाळी पेन्सिल घेऊन वाचा. इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर मराठीत समजावून मागा. जिल्ह्याच्या न्यायालयात मराठीतून अर्ज चालतो.

पाहायचं काय? नावं, तारखा, पत्ते. प्रत्येक आरोपासोबत प्रसंग आहे का, म्हणजे कधी, कुठे, कोण होतं. "जाबदाराने अर्जदाराचा अनन्वित छळ केला" या वाक्याला (जाबदार म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) एकट्याने किंमत नाही. "फेब्रुवारी २०२३ मध्ये तापात असताना दवाखान्यात न्यायला नकार दिला, शेजारच्या काकूंनी रिक्षा करून नेलं" या वाक्याला आहे, कारण त्या काकू साक्षीला येऊ शकतात. न घडलेलं काहीही मसुद्यात आलं असेल तर काढायला लावा, "असं लिहावंच लागतं" हे ऐकू नका. खाली प्रतिज्ञेवर तुमची सही आहे, वकिलांची नाही.

नंतर शेवटच्या पानावर या, तिथे मागण्या असतात. पहिल्या टप्प्यातला कागद काढा आणि एकेक ताडून पाहा. मुलांचा ताबा, भेटी, पोटगी, स्त्रीधन, राहण्याची सोय, खटल्याचा खर्च. जे मागितलेलं नाही ते सहसा मिळत नाही.

मुख्य अर्जासोबतच अंतरिम अर्ज द्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याच्या काळातली पोटगी आणि खर्च पती किंवा पत्नी कुणीही मागू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आहे. "आधी नोटीस तर जाऊ दे, मग बघू" म्हणत अर्ज चार महिने लांबला तर त्या चार महिन्यांची पोटगी जाते.

त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांचा नमुना वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा. ते भरताना सगळ्यात जास्त लोक घसरतात: घरखर्च वाढवून लिहितात, पार्टटाइम शिकवण्याची कमाई लपवतात, कुणी तर पोटगी टाळायला नोकरीच सोडतात. बँकेचं स्टेटमेंट समोर आलं की हे उघडं पडतं, खोट्या प्रतिज्ञापत्रावर कारवाईही होऊ शकते. शिवाय कमावण्याची क्षमता न्यायालय पाहतं, फक्त आजचा पगार नाही.

७. नोटीस तुम्हालाच आली असेल तर

नोटीस घ्या. बेलिफाला (नोटीस घेऊन येणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला) दार न उघडणं, "घरी नाहीत" सांगणं याने काही टळत नाही, दावा एकतर्फी चालू शकतो. नोटिशीवरची तारीख वहीत लिहा, सोबत अर्जाची प्रत आली आहे का पाहा, आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. अर्जातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर "खरं", "खोटं", "अर्धं खरं, कारण..." असं लिहून वकिलांना द्या. रागाने समोरच्याला फोन करू नका, सोशल मीडियावर तर एक अक्षरही नको.

८. समुपदेशन

तडजोडीचा प्रयत्न करणं हे कायद्याने कौटुंबिक न्यायालयाचं कर्तव्य आहे, म्हणून प्रकरण बहुधा आधी विवाह समुपदेशकांकडे जातं. तिथे वकील आत नसतात, बोलायचं तुम्हालाच. समुपदेशक निकाल देत नाहीत आणि तिथलं बोलणं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यासाठी नसतं. दोन चुका टाळा: न जाणं, आणि दबावाखाली तिथेच काहीतरी मान्य करून सही करणं. "मला माझ्या वकिलांना दाखवून सांगायचं आहे" हे वाक्य शांतपणे म्हणता येतं. पोलिसांच्या समुपदेशनात समझोत्याचा कागद पुढे आला तरी हेच म्हणा.

मूल भेटीसाठी आणायला सांगितलं असेल तर आणा. मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. समुपदेशक रोज अशीच मुलं पाहतात, त्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

९. परस्पर संमती: अटी लिहिण्याची घाई नको

दोघं तयार असले की सगळ्यांनाच "लवकर संपवू" असं होतं आणि संमतीच्या अटी दोन परिच्छेदांत उरकल्या जातात. पुढची कितीतरी भांडणं त्या दोन परिच्छेदांतून निघतात.

वेळापत्रक आधी समजून घ्या. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. मात्र त्यासाठी दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असावे लागतात, समेटाचे प्रयत्न संपलेले असावे लागतात आणि पोटगी, मुलं वगैरे सगळं मिटलेलं असावं लागतं. तसा वेगळा अर्ज द्यावा लागतो, तो मंजूर होईलच हे धरून चालू नका.

दुसऱ्या संमतीपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी देऊ नका, आणि घेणाऱ्यानेही सगळे हक्क पहिल्या दिवशी सोडू नयेत. रक्कम दोन-तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता दुसऱ्या संमतीच्या दिवशी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने, अशी मांडणी दोघांनाही सुरक्षित ठेवते.

अटींत हे स्पष्ट हवं. मूल कुणाकडे, भेट कोणत्या वारी, किती ते किती, कुठे, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी आणि आजारपणाचा खर्च कोण देणार, वर्षागणिक वाढ कशी, पासपोर्ट आणि परदेशप्रवासाला कुणाची संमती. "सोयीनुसार भेट" असं लिहू नका, दोघांची सोय एकाच दिवशी कधी येत नाही. मुलाचा पोटगीचा हक्क मुलाचा आहे, आईने "मला काही नको" लिहून दिल्याने तो संपत नाही.

गृहकर्जाची अट वेगळी वाचा. हिंजवडी-वाकडकडे नोकरदार जोडप्यांचं कर्ज बहुधा दोघांच्या नावावर असतं. "यापुढे हप्ते पती भरेल" असं संमतिपत्रात लिहिलं तरी बँक त्या कराराला बांधील नाही. हप्ता थकला तर पत्रं दोघांनाही येतात, सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) दोघांचाही घसरतो. कर्ज एकाच्या नावावर होणार आहे का, बँक तयार आहे का, हे सहीआधी बँकेतून लेखी घ्या. फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा असेल तर दस्त नोंदणी आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, तेही लिहा. एकमेकांवर इतर खटले चालू असतील तर कोणता, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत मागे घ्यायचा, हायकोर्टात जावं लागलं तर खर्च कुणाचा, हे एकेक क्रमांकासह यायला हवं.

सावधान: दोघांत मिळून एकच वकील अर्ज तयार करू शकतात, पण अटी सहीआधी एकदा स्वतंत्र वकिलांना दाखवा. तो एकच वकील समोरच्याने आणलेला असेल तर नक्कीच.

१०. तारखा सांभाळणं

दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळतो. तो स्वतःकडे ठेवा, ईकोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि टप्पा स्वतः पाहा. प्रत्येक तारखेला काय झालं, कोणता अर्ज दिला, समोरून काय आलं, पुढे काय, अशा चार ओळी वहीत लिहा. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. वकिलांना रोज फोन करण्यापेक्षा आठवड्याचे प्रश्न एकत्र करून एका मेसेजमध्ये पाठवा, उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

तुमची साक्ष असेल त्याच्या आधी वकिलांसोबत बसून सरतपासाचं (तुमची बाजू सांगणाऱ्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र आणि मूळ अर्ज पुन्हा वाचा. उलटतपासात प्रश्न समजला नाही तर "समजला नाही" म्हणा. आठवत नसेल तर "आठवत नाही". विचारलं तेवढंच सांगा.

वकील बदलावेसे वाटले तर तो तुमचा हक्क आहे. आधी भेटून तक्रार सांगा. निम्म्या वेळा प्रश्न फोन न उचलण्याचाच असतो आणि तो सुटतो. तरी बदलायचं असेल तर उरलेल्या फीचा हिशेब करून ना हरकत घ्या, फाइल परत घ्या, मग नवं वकीलपत्र दाखल करा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केलं आहे. गंभीर गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. उलटतपासाच्या आदल्या आठवड्यात मात्र शक्यतो बदलू नका.

११. हुकूमनामा झाल्यावर

निकाल ऐकून घरी गेलात की काम संपत नाही. त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा आणि निकालपत्र व हुकूमनामा (निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) यांच्या किमान तीन प्रमाणित प्रती घ्या. नावातली एका अक्षराची चूकही लगेच दुरुस्त करून घ्या, पासपोर्ट कार्यालयात ती अडते.

दावा लढून निकाल लागला असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झालं असेल तर ते निकाली निघेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. तुमच्या दाव्यात ती तारीख कोणती, हे वकिलांकडून लेखी घ्या आणि तोवर कार्यालय बुक करू नका.

ठरलेली पोटगी थकली तर नवा दावा लागत नाही, त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) करता येते. थकबाकी वर्षभर साचू देऊ नका. त्यासाठी पोटगी बँक खात्यातच घ्या, म्हणजे न आलेला महिना स्टेटमेंटवरून दाखवता येतो.

राहिली नावं. पीएफ, विमा, बँक खाती, डीमॅट, सोसायटीचं नामनिर्देशन यांतलं काहीही हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्यावा लागतो. मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही नवीन करून घ्या.